वाट पाहणारा देव : तुकोबांच्या पुलावरून दिसलेली ख्रिस्ती प्रीती



आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने निघणाऱ्या या अंकात कोणी दिंडीचा इतिहास लिहील, कोणी जुन्या विणेकऱ्यांच्या आठवणी सांगेल, कोणी मुक्कामांचा आणि अन्नदात्यांचा हिशेब मांडेल. ते सगळं हवंच. आमच्या वाट्याला मात्र वेगळाच विषय आला. तो ऐकून पारावरच्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याने विचारलं, "काहो महाराज, वारकऱ्याच्या पुस्तकात ख्रिस्ताचं काय काम?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हा लेख कोणाची माळ उतरवायला सांगणारा नाही, आणि कोणाच्या गळ्यात क्रूस घालायला सांगणाराही नाही. पण ख्रिस्ताच्या प्रेमाचं गाणं मराठीत ज्यांनी मनापासून गायलं, ते आपल्याच संतांचं बोट धरून तिकडे गेले. हा इतिहास आहे, आणि तो आपल्या कीर्तनांत फारसा येत नाही. दुसरं असं की, शेजाऱ्याच्या घरी देवाचं प्रेम कसं सांगतात ते ऐकलं, की आपल्या घरातलं प्रेम आपण किती पाळतो हेही कळतं. आरसा शेजाऱ्याचा असला तरी तोंड आपलंच दिसतं.

आपल्या जिल्ह्यातून दोन मोठ्या पालख्यांची वाट आहे. मुक्ताईची पालखी मलकापूर, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा या वाटेने जाते. शेगावची पालखी परतताना लोणार, मेहकर, खामगाव असं करत घरी येते. या वाटांवर देवळं लागतात, दर्गे लागतात, आणि बुलढाणा, खामगावसारख्या गावांत चर्चही लागतं. आपण टाळ वाजवीत त्याच्यासमोरून जातो. आत काय म्हणतात, ते कधी विचारलं नाही. शंभर वर्षांनी एकदा विचारायला हरकत नसावी.

गोष्ट आपल्याच जिल्ह्यातून सुरू होते

ख्रिस्ताकडे जाण्याआधी देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजाला जाऊन येऊ. चोखोबांचं जन्मगाव म्हणून हे गाव परंपरेने मानलं जातं. ज्यांना देवळाच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती, ते चोखोबा आपल्या मातीतले. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं असताना भिंत कोसळली आणि इ. स. १३३८ मध्ये ते गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी केली. आजही आपण आधी नामदेवांची पायरी आणि चोखोबांची समाधी पाहतो, मग आत जातो.

सोयराबाईंच्या बाळंतपणाची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. दिवस भरले, घरात कोणी नाही. चोखोबा बहिणीला आणायला मेहुणपुरीला गेलेले. दारात नणंद येऊन उभी राहिली. तिने बाळंतपण केलं, बाळाला न्हाऊ घातलं, सोयराबाईंची शेज आवरली. खरी निर्मळा नंतर आली तेव्हा कळलं, की आधी आलेली नणंद म्हणजे पांडुरंग होता.

ही कथा आपण ऐकतो, डोळे पुसतो आणि पुढच्या अभंगाला लागतो. ती काय सांगते याचा जरा विचार करू. ज्या घराची सावली लोकांना चालत नव्हती, त्या घरात देव सुईणीचं काम करायला आला. विटाळाचं म्हणून जे काम लोक टाळतात, ते देवाने हाताने केलं. त्यासाठी त्याने कोणता यज्ञ मागितला नाही, दक्षिणा मागितली नाही. प्रेम त्याचं होतं, आणि ते आधी त्याच्याकडून निघालं होतं.

एवढं मनात ठेवलं, की ख्रिस्ती माणूस देवाच्या प्रेमाबद्दल काय म्हणतो ते समजायला वारकऱ्याला फार वेळ लागत नाही.

ओवीतून आलेला ख्रिस्त

ख्रिस्ताची कथा मराठीत पहिल्यांदा मोठ्या ग्रंथरूपाने आली, ती ओवी छंदातच. थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज जेजुइट पाद्री १५७९ साली गोव्याला आले आणि जन्मभर तिथेच राहिले. त्यांनी इथल्या लोकांची भाषा शिकून घेतली. लोक पुराणं ऐकतात आणि ओवीत रमतात हे ओळखून त्यांनी ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध केली. ‘ख्रिस्तपुराण’ हा तो ग्रंथ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापला गेला. त्यात दहा हजारांवर ओव्या आहेत. अक्षरं रोमन होती, पण भाषा मराठी. मराठी भाषेचं त्यांनी त्यात केलेलं कौतुक आजही शाळेत शिकवतात.

साल नीट पाहा. एकनाथ महाराजांनी १५९९ ला देह ठेवला. तुकोबांचा जन्म १६०८ चा मानतात. म्हणजे देहूत तुकोबा लहान होते, तेव्हा गोव्यात एक परदेशी माणूस आपल्या ओवीत ख्रिस्त सांगत होता. त्या काळी गोव्यात पोर्तुगीज राज्याने देवळं पाडली, लोकांवर जुलूम केले, हेही खरं आहे. ते झाकून ठेवून हा इतिहास सांगता येणार नाही. एकाच काळात राज्यकर्त्यांच्या हातात जबरदस्ती होती आणि त्यांच्याच धर्माच्या एका माणसाच्या हातात ओवी होती. जबरदस्तीच्या आठवणीने आजही मन दुखतं. लोकांनी प्रेमाने सांभाळली ती ओवी.

तुकोबांचा पूल

पुढची गोष्ट अडीचशे वर्षांनंतरची. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कोकणस्थ ब्राह्मणाचं घर. नाशिकला त्यांनी संस्कृत शिकलं. कविता करायचे, कीर्तन-प्रवचन करायचे. एके ठिकाणी फार दिवस टिकायचे नाहीत. नागपूरला, राजनांदगावला त्यांनी नोकऱ्या केल्या. आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या रेल्वेनेच ते फिरत होते. १८९३ साली अशाच एका प्रवासात एका गोऱ्या माणसाशी त्यांची गाठ पडली. त्याने प्रेमाने बोलून त्यांच्या हातात ‘नवा करार’ दिला.

टिळक तो वाचू लागले आणि ख्रिस्ताच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. शत्रूवरही प्रेम करा, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, दान करताना डाव्या हाताला उजव्याचं कळू देऊ नका, असा त्या तीन अध्यायांचा भाव आहे. आपल्या मनातल्या कितीतरी कोड्यांची उत्तरं त्या प्रवचनात सापडली, असं त्यांनी पुढे सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं टिळकांनी स्वतः सांगितलेलं आहे. ते ख्रिस्ती झाले तरी त्यांनी तुकोबांना सोडलं नाही. अहमदनगरला मिशनमध्ये काम करताना त्यांनी पाहिलं, की चर्चमध्ये परदेशी चालीवरची भाषांतरित गीतं म्हणतात आणि ती खेड्यातल्या माणसाच्या काळजाला लागत नाहीत. मग त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. त्यांच्या अभंगांच्या संग्रहाचं नाव ‘अभंगांजली’. मराठी चर्चमध्ये वापरतात त्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात आजही पुष्कळ गीतं टिळकांची आहेत. म्हणजे खामगावच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी जे गाणं उठतं, त्याचा छंद देहूहून आलेला असू शकतो.

इथे आमचा माळकरी पुन्हा विचारील, "तुकोबा एवढे आवडत होते तर मग गेले कशाला?" त्याचं एक उत्तर आपल्याला झोंबणारं आहे. टिळकांना असा धर्म हवा होता की ज्यात देव बाप आहे आणि सगळी माणसं खरोखरीची भावंडं आहेत. हे आपल्या संतांनी सांगितलं होतंच. पण टिळकांनी आजूबाजूला पाहिलं, तेव्हा अभंगात भाऊ असलेला माणूस पाणवठ्यावर भाऊ नव्हता. पूल चांगला होता. अलीकडचं गाव मात्र पुलासारखं नव्हतं.

ख्रिस्ती प्रीती म्हणजे काय

मराठी बायबलात देवाच्या प्रेमाला ‘प्रीती’ हा शब्द आहे. देवाजवळ प्रीती आहे एवढंच ख्रिस्ती धर्म सांगत नाही, देवाचा स्वभावच प्रीती आहे असं सांगतो. साखरेत गोडी वेगळी घालावी लागत नाही, तसं. ही प्रीती माणसाच्या पुण्याईवर अवलंबून नसते. माणूस चांगला झाला म्हणून देव प्रेम करतो असं नाही. देव प्रेम करतो म्हणून माणसाला चांगलं होता येतं. हे सांगायला ख्रिस्ताने तत्त्वज्ञान मांडलं नाही, त्याने गोष्टी सांगितल्या. त्यातली एक आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल अशी आहे.

एका बापाला दोन मुलं. धाकटा म्हणाला, माझी वाटणी आत्ताच द्या. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे गावात कोणाला सांगायला नको. बापाने दिली. पोरगा परमुलखात गेला, सगळं उधळलं. तिथे दुष्काळ पडला. डुकरं राखायची पाळी आली, आणि डुकरांच्या पुढ्यातलं खावंसं वाटू लागलं. तेव्हा घर आठवलं. मुलगा म्हणून तोंड दाखवायची सोय नाही, गडी म्हणून तरी ठेवतील, असं ठरवून तो निघाला. तो अजून दूर होता, तेवढ्यात बापाने त्याला पाहिलं. दूरवरून दिसला म्हणजे बाप रोज वाटेकडे डोळे लावून बसत असला पाहिजे. म्हातारा धावत सुटला, पोराच्या गळ्यात पडला. त्याचं पाठ केलेलं माफीचं बोलणंसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. अंगरखा आणला, अंगठी घातली, पायात जोडे घातले, जेवणावळ मांडली.

माउली, हे ऐकताना विटेवरचं ध्यान डोळ्यापुढे येत नाही का? पुंडलिकही आधी आईबापाला विसरलेला, वाट चुकलेला मुलगाच होता. त्याच्या दारी देव आला, आणि तो आईबापाची सेवा आटोपेपर्यंत विटेवर थांबला. कटेवर हात ठेवून अठ्ठावीस युगं उभा असलेला देव, आणि वाटेकडे डोळे लावून बसलेला तो बाप, दोघेही वाट पाहणारे. देवाला गाठायला माणसाने किती चालावं हे सगळेच सांगतात. देव माणसासाठी थांबतो, हे सांगणाऱ्यांत आपण आहोत आणि तेही आहेत.

ख्रिस्ताच्या आयुष्यातला दुसरा एक प्रसंग आहे. मरणाच्या आदल्या रात्री तो बारा शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. तो उठला, कमरेला पंचा बांधला, पातेल्यात पाणी घेतलं आणि एकेकाचे धुळीने भरलेले पाय धुवायला लागला. हे काम त्या काळी घरातल्या गड्याचं. पेत्र नावाचा शिष्य म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ख्रिस्ताने ऐकलं नाही. ज्या यहूदाने त्याच रात्री त्याला पकडून दिलं, त्याचेही पाय त्यात होते. मग त्याने शिष्यांना सांगितलं की मी केलं तसं तुम्ही एकमेकांचं करा. चोखोबांच्या घरी बाळंतपण करणारा पांडुरंग आणि शिष्यांचे पाय धुणारा ख्रिस्त यांची ओळख करून द्यायला मध्यस्थ लागेल असं आम्हाला वाटत नाही.

तिसरी गोष्ट क्रूसाची. ती समजायला दामाजीपंतांची कथा आठवावी. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, दामाजींनी बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं. शिक्षा होणार होती. तेव्हा विठू महार बेदरला गेला आणि सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला. भक्ताचं देणं देवाने भरलं, आणि तेही समाजाने सर्वांत खाली ठेवलेल्या माणसाचा वेष घेऊन. ख्रिस्ती माणूस क्रूसाबद्दल साधारण हेच सांगतो. माणसाच्या पापाचं देणं देवाने स्वतः भरलं, ते मोहरांनी नाही, तर प्राण देऊन. गुन्हेगाराला देत ती शिक्षा त्याने घेतली. खिळे ठोकणाऱ्यांनाही क्षमा कर, अशी प्रार्थना त्याने तिथे केली.

सारखेपणा सांगितला, आता फरकही सांगायला हवा. नाहीतर दोघांवरही अन्याय होईल. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे ख्रिस्त हा अनेक अवतारांतला एक नाही. देव एकदाच माणूस झाला, एकदाच मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, असं ते मानतात. जन्म-मरणाचे फेरे ते मानत नाहीत. आपल्याला सगुणातून निर्गुणाकडे जाता येतं आणि परतही येता येतं, त्यांची मांडणी तशी नाही. आपल्याकडे विठ्ठल माउली होतो, त्यांच्याकडे देवाला मुख्यतः बाप म्हणतात. या भेदांवर पंडित वाद घालतील, घालोत. आम्ही इथे एवढंच म्हणतो की दोन्ही घरी प्रेमाची सुरुवात देवाकडून होते, आणि ते प्रेम खालच्या पायरीवर उतरून येतं.

रोजच्या जगण्यात काय झालं

देवाचं प्रेम पोथीत शोभतं. ते घरात उतरतं तेव्हा काय होतं, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावं. नवरा ख्रिस्ती झाल्याचं कळलं तेव्हा या बाईवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, त्यातले काही दिवस पंढरपुरात. विचार करा, नवरा ख्रिस्ताचा झालेला आणि बायको चंद्रभागेच्या काठी रडते आहे. टिळकांनी बायकोवर बळजबरी केली नाही. ते पत्रं लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, वाट पाहत राहिले.

पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेल्या, तरी सोवळं-ओवळं सोडलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एक दिवस त्यांनी स्वतःशीच विचार केला की जात देवाने केली की माणसाने? माणसाचा जन्म, मरण, हाडामांसाचं शरीर सगळ्यांचं सारखंच. त्या विचारासरशी मनातली गाठ सुटली, आणि ज्यांच्या हातचं कधी चाललं नसतं त्यांच्या हातचं पाणी त्या प्यायल्या. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. आम्हाला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी, मग धर्माचा विधी.

त्यांच्या नगरच्या घरात खानदेशातल्या धरणगावचा एक तरुण कवी येऊन राहिला होता. बालकवी ठोमरे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. तो ख्रिस्ती झाला नाही, त्याला कोणी हो म्हटलंही नाही. लक्ष्मीबाईंनी त्याचं पोटच्या पोरासारखं केलं. न शिकलेली ही बाई पुढे कविता लिहू लागली, आणि टिळकांनी अर्धवट सोडलेलं ‘ख्रिस्तायन’ तिने पूर्ण केलं.

आता आपल्या भागाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतून आलेलं अलायन्स मिशन वऱ्हाडात उतरलं. अकोला त्यांचं मोठं ठाणं. आपल्या जिल्ह्यात बुलढाणा, खामगाव, मलकापूर इथे त्यांचं काम सुरू झालं. त्याच सुमारास १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. जुनी माणसं त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत. विहिरी आटल्या, ज्वारी गेली, गुरं गेली, माणसं कामाच्या शोधात रस्त्याला लागली. अनाथ झालेली पोरं गावोगाव भटकत होती. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनात शेकडो मुलींना आसरा दिला. इकडे वऱ्हाडातही मिशनच्या माणसांनी पोरं जवळ केली.

या कामाबद्दल तेव्हाही लोक बोलत होते, आजही बोलतात. भाकर दिली आणि धर्म घेतला, असं म्हणतात. हा आक्षेप आम्ही झटकून टाकत नाही. भुकेल्याच्या हातावर भाकर ठेवताना मनात त्याचा धर्म बदलायचा हिशेब असेल, तर ख्रिस्ताच्याच मापाने ती प्रीती कमी भरते. कारण त्याच्या गोष्टीतल्या बापाने घरी आलेल्या पोराला अट घातली नव्हती. पौल नावाच्या त्यांच्या संताने एका पत्रात प्रीतीची लक्षणं सांगितली आहेत. ती सोशीक असते, फुशारकी मारत नाही, स्वतःचा स्वार्थ पाहत नाही, दुसऱ्याने केलेल्या वाइटाची नोंद ठेवत नाही, असा त्याचा भाव आहे. या मापाने ख्रिस्ती माणसानेच आधी स्वतःला मोजावं.

पण मग आपणही स्वतःला मोजायला हवं. ती पोरं रस्त्यावर होती, तेव्हा गावातली देवळंही होती, टाळ-मृदंगही होते. आपल्यातल्या किती घरांनी परजातीच्या अनाथ पोराला पानावर बसवलं? लोक तिकडे गेले म्हणून आपण रागावतो. आधी इकडे कोणी जवळ घेतलं नव्हतं, ते सांगायचं राहून जातं.

पंढरपूरचं दार

याचा निकाल लागायला १९४७ साल उजाडावं लागलं. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मागणी एकच. विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडा. दहा दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. विरोध करणाऱ्यांत गळ्यात तुळशीमाळ असलेली माणसंही होती, हे आपण विसरू नये. शेवटी दार उघडलं. चोखोबांना जाऊन सहाशे वर्षं उलटली होती.

ख्रिस्ताच्या त्या गोष्टीचा शेवट आम्ही मघाशी सांगितला नाही, तो इथे सांगतो. थोरला मुलगा शेतातून आला, घरात वाजंत्री ऐकली, आणि धाकटा आला म्हणून जेवणावळ आहे हे कळल्यावर रुसून बाहेरच उभा राहिला. तो बापाला म्हणाला, मी इतकी वर्षं राबलो, तुमचा शब्द मोडला नाही, माझ्यासाठी कधी एक करडूही कापलं नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला, त्यालाही समजावलं. तो आत गेला की नाही, हे ख्रिस्ताने सांगितलं नाही. गोष्ट तिथेच सोडून दिली.

माउली, तो थोरला मुलगा म्हणजे आपण नियमाचे वारकरी. आमच्या इतक्या वाऱ्या झाल्या, एकादशी कधी चुकली नाही, आणि हा काल आलेला पुढे उभा, असं आपल्या मनात कधी येत नाही का? धाकटा दूरदेशी चुकला, थोरला घरात राहून चुकला. वाट पाहणाऱ्या देवाला दोघांचीही वाट पाहावी लागते.

पुलावरून दोन्हीकडून ये-जा

टिळकांनी शेवटी मिशनही सोडलं. १९१७ साली साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ ला मुंबईत ते वारले, म्हणून तो दरबार फार वाढला नाही. पण पूल मोडला नाही. जस्टिन अॅबट या मिशनरीने महिपतींचा ‘भक्तविजय’ इंग्रजीत नेला. गी देलरी नावाचे फ्रेंच पाद्री आपल्या वारीत पायी चालले. त्यांनी तुकोबा फ्रेंच भाषेत नेले, आणि विठोबाच्या उपासनेवरचा त्यांचा ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. जानेवारी २०२० मध्ये धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. बायबल मराठीत सोपं करून सांगणारा हा माणूस संतांवरही तेवढ्याच मायेने बोलत असे. तुकोबांच्या पुलावरून फक्त तिकडे जाणारेच नव्हते, तिकडून इकडे येणारेही होते.

आता आमच्या माळकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊन लेख संपवतो. वारकऱ्याच्या पुस्तकात ख्रिस्ताचं काम हे, की आपल्याच पांडुरंगाने आपल्याला काय सांगितलं होतं, ते तो शेजारच्या अंगणातून आठवून देतो. आपल्या दिंडीचं दुसरं शतक सुरू होत आहे. येत्या आषाढीला दिंडी निघेल. चालता चालता पाण्याचा तांब्या कोण पुढे करतो हे न बघता पाणी प्यावं. पंगतीत शेवटी आलेल्याला मधे बसवावं. मुक्कामी ज्याचे पाय सुजलेत, त्याच्या पायाला तेल लावायला दिंडीतल्या सर्वांत मोठ्या माणसाने बसावं. वाटेत चर्च लागलं आणि दारात कोणी उभं असलं, तर थांबून रामकृष्णहरी म्हणावं. ते आपल्या पद्धतीने नमस्कार करतील.

आणि पंढरीला पोचलो की महाद्वारी आधी चोखोबांच्या समाधीपाशी डोकं टेकवावं. आपल्या जिल्ह्याचा तो माणूस सहाशे वर्षं दाराबाहेर थांबला. आत विटेवर देव त्याच्यासाठी थांबला होता. दोघांच्या मधे दार लावून उभे होतो ते आपण. आता पुन्हा कोणासाठीही ते दार लागू नये, एवढंच मागणं पांडुरंगाच्या चरणी.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥